एकसष्टावी रामकोटी

नामदेवरावांनी रसिकाला पाहिलं, त्याआधी तिचा समास पाहिला.

डावीकडचा समास अडीच सेंटिमीटर हवा होता. भरला दोन पूर्णांक तीन. संस्थेत आजही सांगतात की त्या क्षणी अनुदान कक्षातला पंखा आपणहून थांबला, खिडकीतल्या कबुतरीने अंडं घालायचा बेत पुढे ढकलला आणि तिकडे हैदराबादेतल्या आबिड्सच्या मोठ्या पोस्टात शिक्का मारायला उचललेला हात हवेतच राहिला. नामदेवरावांनी स्टीलची सहा इंची पट्टी पुन्हा एकदा कागदावर ठेवली, चष्मा कपाळावर ढकलला, परत नाकावर आणला, आणि विष चढलेल्या माणसाची नाडी सोडताना वैद्याने हलवावी तशी मान हलवली.

"बेटा," ते म्हणाले, "हा अर्ज दिल्लीला पोचायच्या आधीच वारला."

रसिका पुण्याची होती. पुण्याच्या माणसाला चूक दाखवली की तो आधी दाखवणाऱ्याची पट्टी तपासतो.

"काका, ही पट्टी काठापासून सुरू होते की शून्यापासून? काही पट्ट्यांना शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा असते."

अडतीस वर्षांच्या नोकरीत हे कोणी विचारलं नव्हतं. नामदेवरावांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. मोकळी जागा होती. बरोब्बर दोन मिलिमीटर. म्हणजे अडतीस वर्षं दक्षिण भारतातले नामांकित शास्त्रज्ञ मान खाली घालून परत गेले होते, अर्ज नव्याने टंकून घेऊन आले होते, आणि ते सगळे पहिल्यापासून बरोबर होते.

नामदेवरावांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी पट्टी खिशात ठेवली आणि म्हणाले, "हौ. बस. चहा घेशील?"

संस्था मेंदूच्या विकारांवर संशोधन करणारी. विद्यानगरपासून चालत दहा मिनिटांवर. नामदेवराव तिथल्या अनुदान कक्षाचे अधीक्षक म्हणून दोन हजार एकोणीसमध्ये निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि पंचवीस दिवसांनी फोन आला की साहेब, परत या, अर्ज भरायच्या संकेतस्थळाचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही. पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता. तो त्यांनी अजूनही कोणाला सांगितलेला नव्हता, आणि त्या एका शब्दावर ते सहासष्टाव्या वर्षी कंत्राटी नोकरी टिकवून होते.

त्यांचे आजोबा नांदेडकडचे शेतकरी. त्या घराण्यात सोयरिकी जुळवण्याचा पिढीजात छंद होता, तो नामदेवरावांनी अनुदानांकडे वळवला. शास्त्रज्ञ म्हणजे उपवर पोरं आणि योजना म्हणजे स्थळं. "दिल्लीचं स्थळ मोठ्या घरचं," ते समजावत, "मागण्या लई, होकार यायला दीड वर्ष, पण एकदा हो म्हटलं की पाच वर्षं बघायला नको. परदेशी फाउंडेशन पोरीचा फक्त स्वभाव बघतं. एक पान लिहा, पण मनापासून लिहा. कंपनीवाल्यांना लग्नाहून फोटोची घाई. आणि आपल्या राज्याची योजना हे असं स्थळ आहे बेटा, की पत्रिका छापून येते, पण मुलगा कोण ते कोणालाच माहीत नसतं." मेंदूच्या आजारांसाठी कुठे किती पैसा निघतो, कुठल्या महिन्यात निघतो, शेवटची तारीख खरी कुठली आणि लांबणारी कुठली, हे सारं त्यांना तोंडपाठ. पार्किन्सनचे चौदा अर्ज त्यांच्या हातून गेले होते. चौदाही अर्जांतलं पार्किन्सनचं स्पेलिंग त्यांनी तपासलं होतं. आत काय लिहिलंय ते मात्र कधी वाचलं नव्हतं. ते अधीक्षकाचं काम नव्हे.

चहा घेता घेता रसिकाने आपला विषय सांगितला. पार्किन्सनमध्ये हात थरथरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पुष्कळदा त्याच्या कितीतरी वर्षं आधी माणसाचं अक्षर बारीक व्हायला लागतं. इतकं हळूहळू, की घरच्यांच्या लक्षातही येत नाही. ते मोजून आजार लवकर ओळखता येईल का, हे तिला तपासायचं होतं. तिचा करार जूनमध्ये संपत होता. अनुदान मिळालं तर तीन वर्षं काम. नाहीतर पुण्याला परत.

"बारीक म्हणजे किती बारीक?" नामदेवरावांनी विचारलं.

"सुरुवातीला एक-दोन मिलिमीटर."

नामदेवरावांचा हात खिशातल्या पट्टीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"अडचण अशी आहे काका, की एकाच माणसाचं वर्षानुवर्षांचं लिखाण कोणाकडे नसतं. आणि हवं तेही एकच शब्द, एकाच मापात, तारीखवार. असं कोण कशाला लिहून ठेवेल?"

"माझ्या घरी," नामदेवराव म्हणाले, "एकसष्ट रामकोट्या आहेत."

रसिका हैदराबादला येऊन चार महिने झाले होते. रामकोटी हा आबिड्सजवळचा भाग आहे एवढं तिला रिक्षावाल्यांनी शिकवलं होतं. त्या भागात एकसष्ट घरं असलेला माणूस कंत्राटी नोकरी का करतो आणि फुटक्या बशीतून चहा का पितो, याचा ती विचार करू लागली. दोन दिवस तिने त्यांना 'तुम्हाला भाडं तरी किती येत असेल' अशा नजरेने वागवलं. तिसऱ्या दिवशी ते दोन जड पिशव्या घेऊन आले आणि त्यांनी टेबलावर एक वही उघडली.

हैदराबादेत रामकोटी लिहिणं नवं नाही. तेलुगू घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. दुकानात छापील चौकटींच्या वह्या मिळतात. चौकटीत एकेक रामनाम लिहायचं, वह्या भरायच्या आणि भद्राचलमला नेऊन रामाच्या पायी ठेवायच्या. नामदेवरावांच्या पत्नी सत्यवतीबाईंनी हे शेजारच्या अम्मांकडून उचललं. मुखपृष्ठ तेलुगू, सूचना तेलुगू, आत मात्र देवनागरी 'श्रीराम'. "देवाला लिपी चालेल का गं?" असं नामदेवरावांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "त्याला तुमच्या हापिसातला समजलात का?"

नवस त्यांनी अठ्ठ्याण्णव साली बोलला. नवऱ्याची एकसष्टी धडपणे होऊ दे, त्याच्या वयाच्या एकेका वर्षाची एकेक वही लिहीन. दुपारी चार वाजता, जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या खुर्चीत. वर्षाला तीन वह्या. प्रत्येक वहीवर क्रमांक आणि सुरू केल्याची तारीख. त्यांनी लिहिल्या अठ्ठावन्न.

दोन हजार चौदात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. त्यानंतरही त्या चार वर्षं लिहीत राहिल्या. एका चौकटीला मिनिट, मग दोन मिनिटं. एकोणीसच्या जानेवारीत त्या गेल्या. पुढच्या तीन वह्या आणून, क्रमांक घालून ठेवलेल्या होत्या; तारखेची जागा कोरी होती.

रसिका वही उलटत होती आणि तिचे डोळे मोठे होत होते. "काका, चौकट! चौकट कायम तेवढीच आहे आणि अक्षर आत लहान होत गेलंय. यंत्राने काढल्यासारखं. तुम्हाला कळतंय का, हे काय आहे ते?"

नामदेवरावांना कळत होतं. पाच वर्षं त्यांना दुसरं काही कळत नव्हतं.

कारण नामदेवराव विनोदी माणूस. बायकोचं अक्षर बारीक होतंय हे त्यांनी पाहिलं होतं. पाहिलं नाही असं सांगायचं तरी कोणाला? दोन मिलिमीटरवर ज्याने आयुष्य काढलं त्याला ते दिसलंच. पण दिसल्यावर त्यांनी काय केलं, तर थट्टा. "काय बाई, शाईची बचत चाललीय का? राम काय मुंगी आहे, की बिळात शिरून वाचंल?" शेजारच्या अम्मांना बोलावून त्यांनी ती चौकट दाखवली. अम्मा हसल्या. राणी, त्यांची मुलगी, हसली. सत्यवतीबाईही हसल्या, आणि म्हणाल्या, "रामाला चष्मा लागत नाही." मग त्यांनी पेन उचललं आणि पुढचं नाव मोठं लिहायला घेतलं. मोठं झालं नाही. त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला. मग नवऱ्याकडे पाहिलं. नामदेवराव तोवर पुढच्या विनोदाकडे गेले होते.

ते पाहणं तेव्हा त्यांना दिसलं नाही. आता रोज दिसायचं. ते घरी असले आणि दुपारचे चार वाजले, की एक बारीक आवाज सुरू व्हायचा, कागदावर बॉलपेन सरकतं तसा. स्वयंपाकघरात गेलं की थांबायचा. टेबलाशी आलं की खिडकीकडची खुर्ची किंचित तिरकी असायची, उजव्या हाताला जागा हवी म्हणून माणूस सरकवतो तशी. घरकामाला येणारी जयवंता म्हणायची, "मी झाडताना सरकते हो, नाना." ती सकाळी आठला झाडायची. नामदेवराव आठ पाचला खुर्ची सरळ करायचे. चारला ती तिरकी असायची.

म्हणूनच ते निवृत्तीनंतर कचेरीत परत आले होते. पासवर्ड हे सांगायचं कारण. खरं कारण, कचेरी साडेपाचला सुटते.

वह्या मोजून झाल्या. रसिकाच्या संगणकाने साडेसहा लाख चौकटी पाहिल्या आणि एक रेघ काढली. पडद्यावरची रेघ तीस वह्या सपाट होती, मग उतरायला लागली.

"कुठल्या वहीपासून?" नामदेवरावांनी विचारलं.

"एकतिसावी. दोन हजार आठचा दसरा. म्हणजे निदानाच्या सहा वर्षं आधी! बघा ना काका, सहा वर्षं!"

थट्टेचं सालही तेच होतं. ते त्यांनी कोणाला विचारून घ्यायची गरज नव्हती. त्या दसऱ्याला श्रीखंड केलं होतं आणि अम्मांना वाटी द्यायला बोलावलं होतं.

"आणि आता खरी गंमत," रसिकाने खुर्ची पुढे ओढली. "हे शेवटचं पाहा. एकोणसाठ, साठ, एकसष्ट."

तळाला गेलेली रेघ एकोणसाठाव्या वहीपाशी वळली होती. वर चढत होती. साठाव्या वहीत अक्षर निम्म्याने मोठं, एकसष्टाव्या वहीत अठ्ठ्याण्णव सालच्या बरोबरीला आलं होतं.

"काकू बऱ्या होत होत्या!" रसिका म्हणाली. "काका, शेवटी कुठलं औषध चालू होतं? कोणी बदललं? असं होत नाही कधी!"

नामदेवरावांनी तोंड उघडलं. पडद्यावर त्यांची बायको बरी होत होती. त्यांनी तोंड मिटलं.

"बघावं लागंल," ते म्हणाले. "कागद शोधतो."

छोटा, प्राथमिक अर्ज त्या रेघेसकट दिल्लीला गेला. समास बरोबर होता. आणि जे स्थळ दीड वर्ष उत्तर देत नाही त्याचं पत्र सव्वीस दिवसांत आलं. समितीला अखेरच्या काळातल्या सुधारणेत विशेष रस होता. पूर्ण अर्ज पंधरा दिवसांत पाठवा, उपचारांचा तपशील जोडा. रसिकाने सबंध मजल्याला उस्मानिया बिस्किटं वाटली.

अकरा दिवस नामदेवराव कागद शोधत राहिले. म्हणजे घरी जाऊन खिडकीसमोर बसत राहिले. संगणकावरच्या त्या रेघेचा एक छापील कागद त्यांनी मागून घेतला होता, तो समोर ठेवत. रेघ वर जायची. पहिल्या दिवशी त्यांना लाज वाटली. चौथ्या दिवशी बरं वाटलं. आठव्या दिवशी ते जयवंताला म्हणाले, "तुझ्या बाईंचा हात शेवटी सुधारला होता, काय?"

जयवंताने झाडू थांबवला. "नाना, शेवटी तुम्ही घास भरवत होता."

अकराव्या दिवशी चारला आवाज सुरू झाला आणि ते उठून स्वयंपाकघरात गेले नाहीत. बसून राहिले. खुर्ची तिरकी होती. पाच वाजता ते चपला घालून संस्थेत गेले. रविवार होता, रसिका एकटीच अर्ज भरत बसली होती.

"बेटा, त्या तीन वह्या काढून टाक."

"कुठल्या तीन?"

"एकोणसाठ, साठ, एकसष्ट. त्या माझ्या आहेत."

रसिकाला पहिल्यांदा वाटलं की वह्यांच्या मालकीबद्दल चाललंय. "हो काका, सगळ्याच तुमच्या आहेत, आपण संमतीपत्रावर—"

"मी लिहिल्या."

खोलीतला संगणक घरघरत होता. नामदेवराव बसले. बाई गेल्यावर एकसष्टीला सहा महिने उरले होते आणि नवस अपुरा राहिला होता. नवस बाईंचा, म्हणून अक्षर बाईंचं हवं. आणि थरथरतं, मुंगीएवढं अक्षर काढायचं म्हणजे तिला परत आजारी पाडायचं. म्हणून त्यांनी पहिली वही समोर ठेवली आणि तिच्या चांगल्या दिवसांतलं अक्षर गिरवायला घेतलं. पहिल्या पहिल्यांदा जमेना, छोटं यायचं. मग यायला लागलं.

"आपल्याच आयुष्यासाठी, बायकोच्या अक्षरात, बायकोच्या नावाने राम लिहिणारा," ते म्हणाले, "दुनियेत मी एकटाच असंन. देवाला फसवलं बेटा. म्हणून तर वह्या भद्राचलमला नेल्या नाहीत. तिथे विचारलं असतं, कोणी लिहिल्या, तर?"

रसिकाने पडद्याकडे पाहिलं. तिच्या समोर पूर्ण अर्ज होता, त्रेसष्ट पानांचा. त्यातली एकोणीस पानं काकू बऱ्या कशा झाल्या यावर होती.

"काका, हे तुम्ही अकरा दिवसांपूर्वी—"

"हौ. सांगायला पाहिजे होतं."

"का नाही सांगितलं?"

"तू म्हणालीस ना, काकू बऱ्या होत होत्या." त्यांनी पट्टी खिशातून काढली, परत ठेवली. "कोणीतरी म्हणालं."

ती रडली नाही, पुण्याची होती. तिने नाक ओढलं आणि विचारलं, "दोन हजार आठमध्ये कळलं असतं तरी आजार थांबला नसता, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? अजून तसं औषधच नाही."

"औषध नसंल बेटा. पण मी ते मुंगीचं बोललो नसतो."

रसिकाने तीन वह्या वेगळ्या केल्या. मग ती जुन्या सवयीने पट्टी तपासायला गेली, म्हणजे लिहिणारा हात कोणाचा हे ओळखायचा कार्यक्रम तिने संगणकावर चालवला. नामदेवराव खरं सांगतायत हे कागदावर यायला हवं होतं. यंत्राने वीस मिनिटं घेतली. एकोणसाठ: दुसरा हात. साठ: दुसरा हात. एकसष्ट: दुसरा हात, पान ब्याण्णवपर्यंत.

"आणि पुढे?"

"पुढची आठ पानं..." तिने पुन्हा पाहिलं. "यंत्र म्हणतं, काकूंची आहेत. होतं असं, काका. तुम्ही तोपर्यंत दोन लाखांच्या घरात नावं गिरवली होती. हात पक्का बसला."

"तीन वह्यांत बत्तीस हजार," नामदेवरावांनी चूक दुरुस्त केली. तेवढं अधीक्षकाचं काम होतंच. मग ते एकसष्टावी वही उघडून ब्याण्णवावं पान पाहू लागले. ते पान त्यांना आठवत होतं. त्या दुपारी पेन संपलं होतं आणि दुसरं आणायला ते नाक्यावर गेले होते. परत आल्यावर नव्या पेनाने आठ पानं सलग लिहिली असणार. लिहिलीच असणार. वही भरली होती.

ते त्यांना आठवत नव्हतं.

शेवटच्या पानावर 'श्रीराम' चौकट भरून बसला होता, आणि सगळ्यात खालच्या चौकटीतलं एक नाव मात्र बारीक होतं, मुंगीएवढं. नामदेवरावांनी चष्मा काढला. मग परत लावला नाही.

चार दिवसांत अर्ज नव्याने लिहून झाला. एकोणीस पानं गेली. समास नामदेवरावांनी तपासला, शून्यापासून. शेवटच्या दिवशी पाच वाजायला दहा मिनिटं असताना त्यांनी अर्ज संकेतस्थळावर चढवला आणि पासवर्ड रसिकाला कागदावर लिहून दिला. तो 'सत्यवती' होता, पुढे तेवीस. ते त्यांच्या लग्नाच्या वेळचं वय. तिचं की त्यांचं, हे रसिकाने विचारलं नाही.

एकसष्ट वह्या त्यांनी मार्चमध्ये भद्राचलमला नेल्या. कोणी लिहिल्या हे तिथे कोणी विचारलं नाही.

अर्ज नामंजूर झाला. कारण दिलं होतं, 'नावीन्य अपुरे, पुढील वर्षी पुन्हा अर्ज करता येईल.' रसिका जूनमध्ये पुण्याला गेली. पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत पार्किन्सन नव्हता, मधुमेह होता.